सहावा, दिव्याशिवाय

रविवारी पहाटे पाचला, बार्न्झलीच्या बाहेर,
जुन्या गुरांच्या बाजाराच्या पटांगणात
गाड्यांच्या डिक्या उघडू लागतात.
टॉर्च घेऊन हिंडणारे आम्ही पाचसहाजण
एकमेकांना ओळखतो, बोलत नाही.
कोण काय शोधतंय हे कळलं की भाव चढतो.

मी शोधतो ‘डीप शिफ्ट’.
तुम्ही नाव ऐकलं नसणार. कुणीच ऐकलेलं नसतं.
बोटाएवढे खाणकामगार, एकूण आठ,
जमिनीखालच्या राक्षसांशी लढणारे;
गुडघे वाकतात, कोपरं वाकत नाहीत.
लेस्टरच्या एका कंपनीनं काढले
आणि चौऱ्याऐंशीच्या मार्चात दुकानांत धाडले.
त्याच महिन्यात खाणींचा संप सुरू झाला.
टीव्हीवर रोज पोलिसांचे घोडे.
असलं हेल्मेटवालं खेळणं
कोण कशाला घेईल पोराला?
दिवाळं वाजलं कंपनीचं.
नववा गडी, तट्टासकट, कॅटलॉगात छापला होता,
साच्यातून निघालाच नाही.

मी दातांचा कारागीर, हडर्सफील्डला.
दिवसभर कवळ्या,
रात्री उरलेल्या ॲक्रिलिकमधून
कुणाचा अंगठा, कुणाच्या कुदळीचं टोक.
मृदुला विचारते, “तुझ्या लहानपणी होतं का रे यातलं काही?”
नव्हतं.
कराडला एक पत्र्याची मोटार होती, तीही मामेभावाची.
बाकीचे आपलं बालपण परत विकत घेतात.
मी दुसऱ्याचं घेतो, तेही वापरलेलं,
आणि वर घासाघीस करतो.

त्या दिवशी बिस्किटांच्या डब्यात, बटणांखाली, सहावा.
स्फोटतज्ज्ञ हेविट.
निळा रंग शाबूत, खांदे घट्ट.
डावा बूट चावलेला.
दात बघितल्याशिवाय मला राहवत नाही:
दुधाचे, वरच्या दोघांत फट,
चारेक वर्षांचं पोर.
हेल्मेटवरची खाच रिकामी.
तिथे साबुदाण्याएवढा पिवळा दिवा असतो.
अस्सल दिवे अकरा वर्षांत मी दोन पाहिलेत.

“पन्नास पेन्स,” डोरीन बाई म्हणाल्या,
फ्लास्कचं झाकण फिरवत.
“इथे सगळ्यांकडेच होते हे. संपाच्या नाताळात
युनियनच्या हॉलमध्ये वाटले.
शेफील्डच्या दुकानदाराकडे धूळ खात पडलेले, फुकट दिले त्यानं.
आमचा नेव्हिल म्हणाला, हे तर बाबाच.
आणि बाबा आपले घरी, चुलीत घालायला
कुंपणाची फळी फोडत.”

म्हणजे म्हणून.
म्हणून हे फक्त याच दरीत सापडतात.
अकरा वर्षं मी नकाशावर टाचण्या टोचत होतो.

“आणि दिवा?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“गिळला नेव्हिलनं.
रॉय तीन दिवस पॉटीशी राखण करत बसला.
दुसरं काम होतं कुठे?”
हसता हसता त्यांना ठसका लागला.
“सापडला. रॉयनं दोनदा उकळला.
वर्षभरात तेवढी एकच वस्तू खणून काढली, म्हणायचा.
माझ्या शिवणाच्या डब्यात असतो.”

मी म्हणालो, वीस पौंड.
मग, न विचारताच, चाळीस.
आवाज कसा निघाला ते मलाच ऐकू आलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
“तो नाही रे बाळा विकायचा.”
मी त्रेपन्न वर्षांचा.
पन्नास पेन्सचं नाणं त्यांनी खिशात टाकलं
आणि हेविटला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं,
पाय आधी, तोंड उघडं ठेवून.

इतर पाचांना मी दिवे करून बसवलेत.
भिंग लावूनही फरक सांगता येणार नाही.
याला केला नाही. बुटालाही हात लावलेला नाही.
वहीत नोंद अशी:
क्र. ६. हेविट. डावा बूट चावलेला.
दिवा आहे. इथे नाही.