नववी जोडी

खडे बाजारात बस्सू हिरेमठच्या दुकानी
चौदा जोड्या चढवल्या, उतरवल्या.
चामडी होती ती दिसायला ऐटीत, पाण्यापुढं भोळी.
रबरीत पाणी शिरत नाही, घामही निघत नाही,
आतल्या आत उकडलेल्या शेंगा.
एक इतकी जाड, की क्लच दाबतोय
की कुणाचा कान, कळेना.

बस्सूनं टबात मूठ बुडवून दाखवली,
"नीर बरंगिल्ल. बघा की."
म्हटलं, टबातलं पाणी उभं असतं, बस्सू.
जांबोटीच्या पुढं ते समोरून येतं
साठच्या वेगानं, शिवणीशिवणीत बोट घालत.

त्याला काय सांगू माझ्या हातांचा धंदा.
मागच्या सीटला नायट्रोजनची टाकी, आत गोठलेल्या कांड्या,
पहाटे पाचला फोन : म्हैस माजावर आलीय.
कणकुंबीकडं धुकं इतकं
की पाऊस नसतानाही झाडं ठिबकतात.
गेल्या पौषात आक्कानं विणलेले लोकरी मोजे
अर्ध्या वाटेतच जड झाले.
गोठ्यात पोचलो तेव्हा
करंगळी कुठं संपते ठाऊक नव्हतं.

मग तो दुसरा मोजा चढवला, खांद्यापर्यंतचा,
पातळ, एकदाच वापरून टाकायचा,
आणि हात म्हशीच्या आत गेला.
तिथं ऊब होती.
तुक्कू गावडा बॅटरी धरून विचारत राहिला,
"लागलं काय?"
मी नुसता उभा.
बोटं एकेक करून घरी येत होती.
एवढा वेळ? म्हणून म्हशीनंही मान वळवली.

तर, नववी जोडी.
मनगट लांब, बाहीच्या आत जाणारं,
कारण बाहीवरून ओघळणारं पाणी
वाट विचारत नाही, उतार बघतं.
डाव्या अंगठ्यावर रबराची पट्टी, हेल्मेटची काच पुसायला.
बोटांच्या टोकाशी चिमूटभर जागा,
नाहीतर गारठा थेट नखाशी बोलतो.
घासाघीस मराठीत झाली, हिशेब कन्नडात,
"स्वस्त न्हाई खरं टिकतंय," हे दोन्हींच्या मधे कुठंतरी.

काल पहिली फेरी.
उतरलो तर मोजा निघेना,
घामेजल्या बोटांबरोबर अस्तर उलटून बाहेर.
तुक्कू ते घेऊन चुलीकडं निघाला.
"तिथं नको!" मी ओरडलो.
त्यानं दावणीच्या खुंटीला अडकवले, बोटं खाली.

बोटं दहाच्या दहा जागेवर.
काम तीन मिनिटांत झालं.
म्हशीनं मान वळवली नाही,
आणि मला उगीच
काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं
खानापूरपर्यंत.