नाव

तळाशीलच्या वाळूत फायबरची होडी,
कोरी, खाजणातल्या बगळ्यासारखी,
आणि तिच्यासमोर मी, रंगाचे अकरा डबे मांडून.
जयवंती तांडेल म्हणाली, "एकच उघड. काळो."

माझे आजोबा सावंतवाडीचे चितारी.
लाकडी केळ्यावर डाग काढायचे
खऱ्याहून खरे, माश्या फसायच्या.
तेव्हा रिकामी जागा दिसली की माझ्या हाताला खाज सुटते.
म्हटलं, नाळेवर निदान एक मोर? मागच्या होडीवर होता तसा?
"मोराक पोहूक येता काय रे?"

मागची मीच रंगवलेली.
तिचा नवरा हौशी, दर दिवाळीला नवा हात द्यायला लावायचा:
सागरसम्राज्ञी जयवंती,
प्रत्येक अक्षराला सोनेरी सावली,
दोन मोर, कमळं, डोळे,
काठाने वेलबुट्टी, तिचे पैसे वेगळे.
वादळात ती बंधाऱ्याला आपटून फुटली.
फळ्यांचं खुराडं झालं.
अर्धा मोर अजून आहे दाराशी,
पिसाऱ्यावर कोंबडी बसते.
नवऱ्याचं ती काही बोलली नाही. मी विचारलं नाही.

वाद मात्र घातला.
म्हटलं, बांगड्याच्या पाठीवर बघा,
ती निळी-हिरवी लिपी कोणी मागितली होती?
"म्हणानच स्वस्त. पापलेट बघ."
पापलेट म्हणजे घासलेलं ताट.
म्हटलं, तिसऱ्या बघा, एकीची नक्षी दुसरीला नाही.
"उकडल्यार सगळी सारखीच."

मग नाव काय घालू?
"नाव."
नावच हो, पण कुठलं?
"नाव. नि बाजूक सरकारी नंबर."
नावेवर 'नाव'?
"मग काय बैलगाडी घालतंस?"

शाळेत मास्तरांनी श्लेष शिकवला होता,
भाषेचा दागिना म्हणून, वहीत चौकट आखून.
एक शब्द, अर्थ दोन.
मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.
हसू नव्हतं. बर्फाच्या लाद्यांचा हिशेब चालू असावा.
कळलं होतं की नाही कोण जाणे.

दोन अक्षरं, आणि अख्खी सकाळ.
एवढी उघडी अक्षरं मी कधी काढली नव्हती.
न-ची गाठ चुकली तर झाकायला सावली नाही,
काना कलला तर टेकायला वेल नाही.
रॉकेलच्या बोळ्याने तीनदा पुसलं.
शेवटी व-च्या दांडीला खाली
एक बारीकशी शेपटी आली. आपसूक.
"ही कोणी सांगल्यान?"
खरवडली.

तिसऱ्या दिवशी होडी पाण्यात.
गाऱ्हाणं घालणारे गावकर तापाने झोपलेले.
तिनेच नारळ घेतला, पदर खोचला,
आणि ही, जी एका शब्दाला दुसरा शब्द जोडत नव्हती,
ती सुरू झाली:

"बा देवा म्हाराजा!
वाऱ्याच्या, वावटळीच्या, भरतीच्या, सुकतीच्या म्हाराजा,
ह्या लेकरू आज तुझ्या पाण्यात इला हा,
वाकडी नजर आसात तिचा पाणी कर,
पाण्याचा मीठ कर, मिठाचा सोना कर,
गेलेल्याक वाट दाखय, येतल्याक दिवो दाखय,
जाळ्याचा दार उघडा ठेय,
घराचा दारय उघडा ठेय म्हाराजा..."

थांबेचना. शब्दाला शब्दाची झालर,
झालरीला घुंगरू,
सगळ्या त्या वेली, कमळं, सोनेरी सावल्या
कुठे ठेवल्या होत्या हिने इतकी वर्षं?
समोर पांढऱ्यावर काळी दोन अक्षरं, हलत.

मला काही सुचलं नाही.
अकरा डब्यांचा धनी मी,
चारचौघांबरोबर म्हटलं,
व्हय म्हाराजा.

खडकापलीकडे जाईपर्यंत वाचता येत होतं.
पुढे नुसतं पांढरं.
वेलबुट्टीचे पैसे वाचले म्हणून असेल,
संध्याकाळी तिने मला दोन बांगडे दिले,
शेपटीसकट.