नाव ठेवताना

या मास्तर, बसा. त्या खोक्यावर नको, त्यात आतडी आहेत.
हातात उलू असताना मी उठत नाही कुणासाठी,
तुम्ही कोपनहेगनचे असलात तरी.

काल पाविया शाळेतून आला तो जेवलाच नाही.
म्हणे, नार्व्हालच्या नावात मढं आहे.
म्हणे, फार पूर्वी तिकडच्या खलाशांनी
त्याला पाण्यावर पाहिला,
हलत नाही, डुलत नाही,
राखाडी कातडीवर पांढरे चट्टे,
आठवडाभर भिजलेल्या माणसासारखे,
आणि म्हणाले, प्रेत.
प्रेतासारखा देवमासा.
फळ्यावर चित्रही काढलंत म्हणे.

असेल. पुस्तकात आहे तर असेल.
पण याला नाव ठेवणं म्हणत नाहीत, मास्तर,
ही नावं ठेवणं झाली.

आम्ही त्याला केर्नेर्ताक म्हणतो, काळा.
पांढरा तो दुसरा, बिनसुळ्याचा.
जवळून बघणाऱ्याला एवढं पुरतं.

आणि लांबून?
खोटं कशाला बोलू. माझा बाप गेला त्या सप्टेंबरात
महिनाभर मी खडकावर उभी असायचे.
काही राखाडी तरंगताना दिसलं
की पोटात गोळा यायचा,
मग ते श्वास सोडायचं, फुस्स,
धुक्यात फवारा उडायचा,
आणि मी रडायचे.
बाप नव्हता म्हणून, की जिवंत होतं म्हणून,
अजून कळलेलं नाही.
तुमच्या खलाशांचंही कुणी बुडालेलं असणार.

बाप सापडला नाही.
एप्रिलात हे पोर झालं, कपाळावर तीच आडवी आठी.
त्याचंच नाव दिलं.
मेलेल्याचं नाव आम्ही फार दिवस
थंडीत बाहेर ठेवत नाही.
म्हणून मी पोराला आताता म्हणते, बाबा.
तुम्ही पहिल्या दिवशी हसला होतात. चालायचंच.

माझ्या बापाची नाव बुडाली, मास्तर.
नाव बुडालं नाही.

तर रात्री पांघरुणातून विचारतो,
आई, मेलेल्याचं नाव माझंही आहे,
मग मीही मढंच का?

मी काय सांगितलं ते राहू द्या.
उद्या वर्गात तुम्ही काय सांगणार, ते ठरवा.

घ्या, मत्ताक. काळं पांढऱ्याला मिळतं तिथला तुकडा.
चावत राहा, लगेच गिळायला जाऊ नका.

आताता, ए आताता,
मास्तरांना मीठ आण.