चार वेढे

अंबडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडवर एक खोली.
संध्याकाळी सहाला आमचा वर्ग भरतो.
खाली प्रेस धडधडतो तेव्हा स्क्रीनवरची रेघ थरथरते.
गायधनी मॅडम म्हणतात, नीट मोजायचं असेल
तर खालची पाळी चहाला जाईपर्यंत थांबा.

पहिले तीन आठवडे आम्ही काहीच बनवलं नाही.
नुसतं कॅलिब्रेशन. ओपन, शॉर्ट, लोड.
मोकळं टोक, मिटलेलं टोक, आणि पन्नास ओहम.
"मोजायला बसण्याआधी आपलं शून्य कुठंय ते ठरवा.
केबलसुद्धा खोटं बोलते."
कनेक्टर छोट्या टॉर्क पान्यानं आवळायचा,
टक् वाजलं की हात मागे.
इरफान कोकणीनं एकदा जोर लावला
अन् मधली पिन गेली.
कुणी ओरडलं नाही, म्हणून तो आठवडाभर गप्प.

मग कळत गेलं की इथं तार ही तार नसते.
बोटभर तांब्याची पट्टी
कधी कॉइलसारखी वागते, कधी कपॅसिटरसारखी,
आणि ग्राउंड म्हणून जे दाखवतात
ते पाव इंच लांब गेलं की ग्राउंड राहत नाही.
पॉलिटेक्निकला मी फर्स्ट क्लास.
तिथं ग्राउंड म्हणजे तीन आडव्या रेघा होत्या.

डिसेंबरात माझा ॲम्प्लिफायर स्वतःशीच बोलू लागला.
इनपुट काढलं तरी आउटपुट सुरूच.
बोट जवळ नेलं की शांत, बोट उचललं की पुन्हा.
हर्षल खैरनार म्हणाला, बोटासकट सबमिट कर.
मॅडम हसल्या नाहीत.
"बोट नेमकं कुठं धरलंस? तिथं काहीतरी कमी आहे."
तिथं सत्तेचाळीस ओहमचा दाणा लावला.
बडबड थांबली.
पण सिग्नल अजून दारातूनच परत फिरत होता.

रात्री सातपूरला, घरी, मी स्मिथ चार्ट पसरला.
अण्णा जेवून हात पुसत आले,
चाळीस वर्षं दिंडोरी-पिंपळगावच्या बागांतल्या
जळक्या मोटारी भरत आलेले.
वर्तुळात वर्तुळं बघून म्हणाले,
"स्टेटरच की हा. स्लॉट कुठायत?"
स्लॉट नसतात अण्णा. उजव्या टोकाला ओपन, डाव्या टोकाला शॉर्ट,
आपण मधोमध पोचायचं.
"पोचलं की?"
मग काही परत येत नाही.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काहीच?"
सगळं पुढं जातं.

मला छत्तीस नॅनोहेन्री हवे होते.
नॅनो म्हणजे किती, ते सांगितलं.
"एवढं तर आमच्याकडं झाडून टाकतात,"
असं म्हणत त्यांनी डब्यातून तीन मिलिमीटरचा ड्रिल बिट काढला,
वितभर तार, नवी, लालसर.
अंगठ्याचं नख टेकवून चार वेढे.
मोजले नाहीत. टोकं ब्लेडनं खरवडली,
इनॅमलची भुकटी धोतरावर पडली ती तशीच.
माझे सात प्रयत्न ताटलीत होते, स्प्रिंग तुटलेल्या पेनांसारखे.
त्यावर ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कॉइल जोडली.
खाच पडली, पण चारशे एक्कावन्नला.
मॅडमनी प्लास्टिकची काडी दिली. "वेढे जरा दाब. जरा म्हटलं."
रेघ डावीकडं सरकली, अडली, सरकली.
खाली प्रेस थांबला होता.
चारशे तेहेतीस. वीस डीबी खोल.

"कुणी गुंडाळली?"
सांगितलं.
नोंदवहीत 'घटक कुठून घेतला' असा एक रकाना असतो,
सगळे तिथं वेबसाइटचं नाव लिहितात.
मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं:
शेवाळे मोटर रिवाइंडिंग, सातपूर.

घरी फोनवर फोटो दाखवला.
अण्णांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला.
"गरम तर होत नाही ना?"
नाही, मिलिवॅट असतात.
"आणि हा मध्येच खड्डा कसला पडलाय?"
म्हटलं, अण्णा,
खड्डाच तर पाडायचा होता.