दिवेलागणीनंतर दर नाही

दर शुक्रवारी पहिला खेळ बघून
मी निपाणीच्या एका साप्ताहिकाला तारे पाठवतो.
पाचातले. अर्धाही चालतो.
रायगोंडा सर फोनवर आधी आकडा विचारतात,
"मजकूर मागनं दे, जागा बघून कापतो."

अण्णा वखारीत तंबाखूची पारख करायचे.
जत्राट, अकोळ, भिवशीच्या गाड्या लागायच्या,
अण्णा बोदात कोपरापर्यंत हात घालायचे,
तळातली मूठ काढून तळव्यावर पसरायचे.
फुंकर. मग नाक. मग जिभेच्या टोकाला एक कण.
तोवर वखारीत कुणी खोकत नसे.

दिवेलागणीनंतर दर नाही, म्हणायचे,
बल्बखाली मातीसुद्धा पिवळीधमक दिसते.
जेवणात कांदा असला तर चारपर्यंत हात बोदाबाहेर.
सर्दी झाली की रजा.
आणि घरात भांडून आले असले
तर मालकाला स्वतःच सांगायचे,
"आज माझं नाक कडू आहे,
मी बोलीन त्याच्यापेक्षा थोडा वर धरा."

मी सर्दीत पाहिलेल्या एका चित्रपटाला दोन दिलेत.
एकाला दीड, मागच्या पोराचा गुडघा
मध्यंतरापर्यंत माझ्या पाठीत होता.
हिच्याशी बोलणं तुटलं होतं त्या पावसाळ्यात
एका साध्यासुध्या गोष्टीला साडेचार.
कुणीतरी कुणाची तरी वाट बघत होतं,
एवढंच आता आठवतं.
यातलं काही छापून आलं नाही.
आकडे आले.

गंगव्वा समोरच्या ओळीत राहते.
मांडीवर सूप, सुपात पान, दोरा, कात्री.
आमच्याशी मराठी बोलते, बिड्या कन्नडमध्ये मोजते.
संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस कट्टे सोडून बघतो
आणि नको त्या बाजूला टाकतो. ती छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
छाट परतही मिळत नाही.

मागच्या आठवड्यात अंक घेऊन दारात आली.
तिला मराठी वाचता येत नाही,
तारे येतात.
"एकच लावलास?"
पटकथा सैल आहे, मी म्हटलं,
शेवट ओढून आणलाय,
नटी रडताना कॅमेऱ्याकडं बघते.

"असंल की," ती म्हणाली.
"सुनेनं नेलतं मला. बाल्कनीत.
त्यात ती बाई कामावरनं येती बघ,
आणि चप्पल काढायच्या आधी
उंबऱ्यावरच बसती जरा वेळ.
कोण काय बोलत नाही. गाणंबी नाही.
तेवढं माझं होतं."

मी तो उंबरा पाहिलाच नव्हता.
त्या वेळी मान खाली घालून
अंधारात वहीवर चाचपडत
'सैल' असं लिहीत होतो.

तरी तारा वाढवला नाही.
सैल ते सैल. सैल बिडी गंगव्वालाही खपत नाही,
सून वळते तेव्हा तीच उसकटून परत देते.
पण जाता जाता म्हणाली,
"छाटणाऱ्यानं सांगावं की रे,
कुठली काढली, कशापायी काढली.
आमचा मुडदा नुसता बाजूला टाकतो."

म्हणून या शुक्रवारी परीक्षणाच्या वर लिहिलं:
बघणाऱ्याचं वय अठ्ठेचाळीस.
जेवून गेलो होतो. डाव्या कानाला कमी ऐकू येतं.
वडील जाऊन चार महिने झाले,
पडद्यावरच्या म्हाताऱ्यांशी सध्या मी नरमाईनं वागतो,
तरी वाचकांनी अर्धा तारा कमी धरावा.

सरांनी ते सगळं कापलं.
खाली खताची जाहिरात होती.
राहिले तीन.

गंगव्वानं बोट ठेवून मोजले.
"तीन म्हणजे? जाऊ का नको?"

मी विचारलं, "आज छाट किती गेली?"

"साठ."

"मग आज नको," म्हटलं. "उद्या जा."