नावाचा रकाना

येऊरच्या फाटकावर वनरक्षकाची वही:
नाव, मोबाइल, आत जाण्याची वेळ.
हेमलता टिपणीस, सहा पन्नास.
नावातच वेल असलेली बाई
वेल ओळखायला शिकली ती साठीनंतर.

एकतीस वर्षं मी महापालिकेत जन्म लिहिले.
वेळ, वजन, आई, बाप.
बाळाच्या नावाचा रकाना बहुतेकदा कोरा.
बारसं व्हायचं असायचं,
आत्याचा रुसवा निघायचा असायचा.
तिथं मी पेन्सिलीनं एक बारीक टिंब ठेवायचे.
काहीजण वर्षभरात यायचे, पेढ्यांचा पुडा घेऊन.
काही टिंबं तशीच मोठी झाली असतील,
लग्नंही झाली असतील त्यांची.

पाटोणापाड्याच्या मागून पायवाट ओढ्याकडे उतरते.
नोव्हेंबर. साडीच्या काठाला कुसळं.
कुड्याचं पान तोडलं की दूध.
ऐनाच्या खोडावर मगरीची पाठ,
पानामागे देठाजवळ दोन गाठी, बोटाला कळतात
डोळ्यांआधी.
मुरुडशेंगेला पीळ, म्हणून ती पोटातल्या पिळावर.
खाजकुयली ओळखायला एकच चूक पुरते,
माझी झालेली आहे, कोपरापर्यंत.
आणि कांडोळ, पांढराफटक, एकटा, कड्याला टेकून.
रात्री दिसला असता तर मीही त्याला भुत्याच म्हटलं असतं.

माझी वही शंभर पानी. रकाने मीच आखलेले:
दिनांक, जागा, पान, फूल, नाव.
सवय जात नाही.

नोंद एकसष्ट.
ओढ्याच्या सावलीत, दगडाच्या खोबणीत,
पानं समोरासमोर, देठावर लव,
फूल तांदळाच्या कणीएवढं, दहा वाजता मिटतं.
चार वर्षं झाली. भिंगातून पाहिलं,
पुस्तकं चाळली, एका प्राध्यापकांना दाखवलं,
ते म्हणाले, फळ आणा. फळ मला कधी सापडलं नाही.
पुढे तेच टिंब.

आज लखमी वरठा मोळी घेऊन वर येत होती.
मी तिला खाली बसवलं.
तिनं पान चुरलं, हुंगलं, जिभेला लावून थुंकली.
"हे नाय मला ठावं."
मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही.
"खात नाय, लावत नाय, जाळाया पन येत नाय.
त्याला नाव कशाला?"

मोळी उचलता उचलता थांबली.
"तुमी त्या दाखल्याच्या हापिसात व्हत्या ना?
माझ्या नातीच्या दाखल्यावर नावच नाय.
शाळावाली बाई दोनदा माघारी धाडली."
मी विचारलं, हाक काय मारता?
"शेवळी. शेवळं निघाली तवा झाली.
पन शाळंला कायपन घाला,
तुमाला चांगलं सुचंल ते."

एकतीस वर्षांत कुणी मला
नाव सुचवायला सांगितलं नव्हतं.
श्रावणी म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.
शेवळं, चिरताना हात खाजवणारी,
काकडासोबत शिजवली नाहीत तर घसा धरणारी,
आमच्या घरी वर्षातून दोनदाच होणारी,
आणि आई ताटात वाढताना मोजायची.

नोंद बासष्ट.
पान, फूल या रकान्यांत आडवी रेघ.
नाव: शेवळी. शाईनं.
सोमवारी अर्ज घेऊन येते म्हटलं, आधार कार्ड काढून ठेव.
"आनि हे?" लखमीनं पायानंच दाखवलं.
त्याचं फूल तोवर मिटलं होतं.
राहू दे म्हटलं.

फाटकावर बाहेर पडण्याची वेळ लिहायला गेले,
तर बोटं पेनाला चिकटत होती.
कसला तरी चीक.
कुठल्या झाडाचा, ते काही आठवेना.