उलटी बाजू

छतावर बॅगा उलट्या केल्या
तर आधी मीठ पडलं.
उयुनीचं मीठ. बुटांच्या खाचांतून, मोज्यांतून,
माझ्या ओढणीच्या गाठीतून.
अशोक चौकातल्या आमच्या पत्र्यावर
एप्रिलच्या त्रेचाळीस डिग्रीत चमकत पडलं,
आणि खालून पद्माक्का ओरडल्या,
"आलात का गं? काय काय बघितलंत?"

काय सांगू.
जुळे सोलापुरात फ्लॅट बघून ठेवला होता.
त्याच्या डिपॉझिटचे पैसे घेऊन
आम्ही बोलिव्हियाला गेलो, पाठीवर तेरा-तेरा किलो लादून.
हे पद्माक्कांना अजून सांगितलेलं नाही.
एवढंच सांगितलं : थंडी होती.

थंडी होतीच.
पोतोसीहून निघालेली बस
मध्यरात्री डोंगरात थांबली ती थांबलीच.
खाणीतल्या लोकांनी रस्त्यावर दगड रचलेले,
टायर पेटवलेले.
ड्रायव्हर एकच वाक्य म्हणत होता, "नो आय पासो",
आणि सुदर्शन मला त्याचा अर्थ सांगत होता,
जसे काही मला दगड दिसतच नव्हते.

मी म्हटलं, हे सगळं तुझ्यामुळे.
पण चार हजार मीटरवर भांडायला दम पुरत नाही.
अर्धं वाक्य बोलायचं, श्वास घ्यायचा,
तोवर उरलेलं अर्धं विसरायचं.
सोळा वर्षांचं भांडण आम्ही
दोन तासांत असं तुकड्यातुकड्यांनी
बरंचसं विसरलो.
बरंचसं.
मूल न झाल्याचं नाही.
ते तेवढं लक्षात राहिलं दोघांच्याही,
मग तो टायरच्या धुराकडे बघत बसला
आणि मी पलीकडच्या सीटवरच्या बाईकडे.

डोक्यावर गोल टोपी, दोन लांब वेण्या,
पाठीवरच्या रंगीत कापडात बांधलेलं काहीतरी,
ते ती मधूनमधून हातानं सावरायची.
मला वाटलं, बाळ.
तिनं गाठ सोडली तर बटाटे निघाले.
उकडलेले, सुरकुतलेले, गार.
दोन मला दिले.
मी शेंगाचटणीची पुडी सोडली.
तिनं बटाटा बुडवला, डोळे मिटले,
आणि काहीतरी बोलली ते
"अजून" असणार.

उजाडता उजाडता तिनं माझ्या पांघरुणाची किनार धरली.
चादर मामंजींच्या मागावरची, शेवटची.
आधी तिनं ती उलटी केली.
वर लाल जमिनीवर पांढरे मोर,
खाली पांढऱ्यावर लाल.
सुदर्शन ताठ झाला. म्हणाला, "विणकर आहे गं ही.
गिऱ्हाईक कधी मागची बाजू बघत नाही."
मग तिनं बटाट्यांचं कापड झटकलं
आणि तेही उलटं करून दाखवलं.

पुढे मिठाच्या त्या मैदानात
घोट्याएवढ्या पाण्यावर उभे राहिलो,
वर ढग, खाली ढग,
आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळेना.
सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले.
पण मला त्या जागेपेक्षा ती बसच आठवते.

मामंजींना आता फक्त उजेड-अंधार कळतो.
सुदर्शननं ते कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं.
त्यांची बोटं वर फिरली, खाली फिरली,
एका जागी थांबून दोरे मोजू लागली.
"रेंडू वैपुला," ते स्वतःशीच म्हणाले.
दोन्हीकडनं.
"हातमागाचं आहे. बाईनं विणलंय.
हे दिलं तर आपली चादर कुठंय?"

"तिला दिली," मी म्हटलं.

बराच वेळ पंखाच तेवढा बोलत होता.
मग म्हणाले, "तिला आवडली का?"

रात्री ओढणीतलं मीठ
भाकरीच्या पिठात चिमूटभर टाकलं.
कुणाला काही कळलं नाही.
सुदर्शननं एकदा माझ्याकडे बघितलं
आणि अजून एक भाकरी मागितली.
पद्माक्कांना उद्या सांगेन म्हणते,
फ्लॅटचं.